उलटी पाटी

छायाबाईबद्दल हिरामणला खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. नऊ वर्षं दोघं नाशिकच्या फुलबाजारात शेजारी बसले, पण तिचं माहेर कुठलं हेही त्यानं कधी विचारलं नाही. कॅन्सरमुळे तिची डावी छाती काढली, हेसुद्धा त्याला बाजाराकडून कळलं.

ती मखमलाबादहून झेंडू आणि शेवंती आणायची. दर तीन आठवड्यांनी केमो असायची, आणि पुढचे चार-पाच दिवस तिला उभं राहवत नसे. डॉक्टर म्हणाले, धंदा बंद ठेवा. ती म्हणाली, "जागा गेली तर बरी होऊन बसू कुठं?"

त्या बाजारात जागेला कागद नसतो. फुलांची रिकामी पाटी उलटी घालून वर दोन किलोचं लोखंडी माप ठेवलं, की माणूस परत येणार. पाटी सुलटी दिसली, की त्यानं जागा सोडली. एवढाच कायदा, आणि त्यावरून तिथं डोकी फुटलेली आहेत.

चौथ्या केमोच्या वेळी तिच्या नवऱ्यानं शेवंतीचा क्रेट घाईघाईनं तिच्या जागेवर टाकला आणि तो दवाखान्यात गेला. उन्हानं फुलं माना टाकायला लागली. हिरामणला राहवलं नाही. त्यानं तिची पाटी सुलटी केली, फुलं भरली आणि तिच्यासाठी विकून टाकली. आयुष्य बाजारात गेलेल्या माणसानं पाटी परत उलटी घालायलाच विसरावं!

ती परत आली, तेव्हा तिच्या जागेवर मागच्या ओळीतला फुलवाला झिपरू बसला होता.

"ऊठ."

"पाटी सुलटी होती, सगळ्यांनी पाहिली. तुला आता जागा कशाला? स्मशानात बुक कर."

"केलीय, तुझ्या शेजारचीच. चल, आधी तुला पोचवते."

माणसं हसली. झिपरूनं तिच्या झेंडूच्या क्रेटला लाथ घातली. ती फुलं गोळा करायला वाकली, तसा त्यानं तिचा डावा हात धरून पिरगाळला, ऑपरेशनच्या बाजूचा. ती गुरासारखी ओरडली. डोक्याचा रुमाल सुटून टक्कल उघडं पडलं. कोणी पुढं झालं नाही.

हिरामण भित्रा माणूस. तरी कसाबसा बोलला, "पाटी मी सुलटी केली. तिनं नाय."

झिपरूनं तिला सोडलं आणि हिरामणच्या तोंडावर ठोसा मारला. दोन दात झेंडूत पडले. तेवढ्यात छायाबाईनं उजव्या हातानं माप उचलून झिपरूच्या गुडघ्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो पडला, तरी दुसरा घाव तिनं मनगटावर घातला. तिसरा डोक्यावर उगारला, तेव्हा चौघांनी तिला धरलं.

"सोडा! हा हात चालतो अजून माझा!"

पोलिसांत दोन्हीकडच्या तक्रारी झाल्या. तिथून आल्यावर तिनं रक्ताळलेली फुलं वेचून गटारात टाकली आणि ती जागेवर बसली. मग हिरामणकडं वळली.

"आप्पा, अर्धवट आहात तुम्ही."

"हो."

झिपरू पुन्हा त्या ओळीत फिरकला नाही. तिची केमो संपली, केस बोटभर आले. डावा हात सुजायचा, ती उजव्यानं विकायची. इकडं हिरामणचे गुडघे गेले. मुलगा त्याला कायमचा इंदिरानगरच्या घरी न्यायला आला. हे तिला सांगायला त्याला काही जमलं नाही. शेवटच्या दिवशी तो नुसता उठला.

"आप्पा, पाटी सुलटी राहिली तुमची."

"असू दे."

"परत विसरलात?"

"नाय. तू शेवंतीला पाणी मार. ऊन लय हाय."

"मारते."