गटाराचं झाकण आणि दारूचा वास

ती घटना विसरावी म्हणून मी बरेच प्रयत्न केले, एकही कामी आला नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं निम्मं आता आठवतही नाही. एका गटाराच्या झाकणाची केस मात्र डोक्यातून जात नाही. नावं कोणाचीच घेणार नाही. घेऊन आता कोणाचं भलं होणार आहे?

मी तेव्हा लालबाग-परळ पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून केबिनकडे निघालो की बाहेरच्या बाकड्यावर एक बाई बसलेली दिसायची. पन्नाशी उलटलेली, करी रोडच्या चाळीत राहणारी, मूळची मालवणकडची. आरडाओरडा नाही, रडारड नाही. अशी माणसं पोलिसांना सर्वात जास्त त्रास देतात. तीन दिवस मी तिच्याकडे काणाडोळा केला. चौथ्या दिवशी आत बोलावलं.

तिने पिशवीतून एक कागद काढला. तिच्या नवऱ्याच्या अकस्मात मृत्यूचा पंचनामा, आमच्याच ठाण्याचा. गिरणी बंद पडल्यापासून नवरा एका टॉवरच्या गेटवर वॉचमन होता. सकाळची पाळी संपवून भर दुपारी घरी येत असताना गल्लीतल्या गटाराचं झाकण पायाखाली मोडलं. तो आत पडला आणि डोक्याला मार लागून मेला. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'मयताच्या तोंडास दारूचा वास येत होता. नशेत तोल जाऊन पडला असावा.'

"साहेबानू, उभ्या जल्मात त्येनी दारवेक हात लावूक नाय," बाई म्हणाली. "पालिकेन काय दिल्यान नाय तरी चलात. पण तेवढा काढा. लेकीच्या सासरच्यांनी ह्यो कागद वाचल्यानी."

"बघतो," मी म्हणालो. पोलीस 'बघतो' म्हणतो तेव्हा तो काही बघणार नसतो. पंचनाम्याची ती फाइल बंद झाली होती, आणि बंद करताना खाली सही माझी होती. वाचली होती का? नाही. महिन्याला असे किती कागद समोर येतात, कोण वाचत बसतो?

त्याच आठवड्यात माझा एक जुना खबरी भेटला. पालिकेच्या कामांवर मजूर पुरवणारा मुकादम. चहा पिता पिता सहज म्हणाला, "साहेब, त्या चाळीच्या गल्लीतली सगळी झाकणं गेल्या वर्षी नवीन बसवलीत. कागदावर. तो म्हातारा ज्याच्यात पडला ना, ते झाकण गिरणीच्या जमान्यातलं होतं."

आता मात्र मी कान टवकारले. विभाग कार्यालयाला पत्र दिलं. पहिल्या पत्राला उत्तर नाही, दुसऱ्याला 'माहिती संकलित करण्यात येत आहे'. तिसऱ्या वेळी मी स्वतः जाऊन बसलो तेव्हा कामाची फाइल हातात पडली. पालिकेची फाइल वाचणं ही एक शिक्षाच असते. पण पद्धत समजली की त्यात काही अवघड नाही. ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा इतक्या खालची बोली लावतो, की त्या दरात प्रामाणिकपणे काम होणं शक्यच नसतं. हे टेंडर उघडणाऱ्यांनाही कळतं. तरी काम त्यालाच मिळतं, कारण नियम सर्वात कमी दराचा आहे. मग तो निम्मं काम करतो आणि सगळं झालं असं मापपुस्तकात चढवतो. कोणत्या तारखेला कुठे काय बसवलं याची ही वही अभियंत्याने जागेवर जाऊन स्वतःच्या हाताने भरायची असते. प्रत्यक्षात ती ठेकेदाराचा कारकून भरतो आणि अभियंता सही करतो. सगळ्या खात्याला हे ठाऊक असतं.

मापपुस्तकात त्या गल्लीतल्या सगळ्या झाकणांची नोंद होती. मापं बरोबर, अक्षर सुंदर. मला त्यात काही सापडेना. शेवटी त्याच भागात वाढलेल्या माझ्या हवालदाराला बोलावलं. त्याने तारखा पाहिल्या आणि हसायलाच लागला.

"साहेब, हे लिहिणारा लालबागचा नाय."

"का रे?"

"ह्या तारखांना गल्लीत मंडप होता ना. गणपती यायचे होते, पण मंडप महिनाभर आधीच बांधतात आमच्याकडे. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्या ठोकलेल्या. झाकणं सगळी फळ्यांच्या खाली. बसवणार कुठून?"

ठेकेदाराचा कारकून हुशार होता. गणपतीचे दिवस त्याने बरोबर टाळले होते. पण तो राहायचा लांबच्या उपनगरात, आणि मंडप म्हणजे दोन दिवसांचं काम असा त्याचा समज. मी आमचं बंदोबस्ताचं दप्तर काढायला लावलं. मंडपाची परवानगी, जागेचा नकाशा, बांबू रोवल्याच्या दिवसाचे फोटो, सगळं आमच्याच कपाटात होतं. मी गुन्हा दाखल केला. निष्काळजीपणाने मृत्यू, बनावट नोंदी, फसवणूक. बाईला बोलावून सांगितलं, "तुमच्या माणसाला न्याय मिळेल." तिने विचारलं, "आणि ता दारवेचा?" मी म्हणालो, "तेही होईल."

ठेकेदार वकील घेऊनच आला आणि एकच वाक्य बोलला, "अभियंत्याने प्रमाणित केलंय, मला काय विचारता?" म्हणून मापपुस्तकावर सही करणाऱ्या दुय्यम अभियंत्याला चौकशीला घेतलं. तिशीच्या आतला, गिरगावात वाढलेला, पांढरपेशा घरातला पोरगा. बाप कारकून म्हणून रिटायर झालेला. सरकारी नोकरी लागली म्हणून घरी सत्यनारायण घातला असणार, असा चेहरा.

"जागेवर गेला होतास?" मी विचारलं.

"नाही सर."

"झाकणं बघितलीस?"

"नाही."

"मग सही कशी केलीस? लाज नाही वाटली? माणूस मेला तिथे!"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "सर, वही माझ्याकडे भरूनच येते. नाही म्हटलं तर दुसऱ्या विभागात फेकतात, तिथेही वही भरूनच येते." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "रागावू नका सर. पण त्या माणसाचा पंचनामा तरी तुमच्या लोकांनी जागेवर लिहिला होता का?"

हवालदाराने हात उगारला. मी त्याला थांबवलं. मला त्या पोराचा संताप आला होता, आणि संताप आला तो त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं म्हणून.

संध्याकाळी अकस्मात मृत्यूची फाइल काढली. पंच दोघे. एक आमच्या गेटसमोरचा पानवाला, दुसरा शेजारच्या हॉटेलातला वेटर. आमचे नेहमीचे. पंचनामा लिहिणाऱ्या उपनिरीक्षकाला समोर उभं केलं. तो म्हणाला, एक हवालदार जागेवर जाऊन आला, त्याने सांगितलं तसं झाकणाचं वर्णन ठाण्यात बसून लिहिलं. आणि दारू? "साहेब, उघड्या गटारात माणूस मेला म्हटलं की पालिकेला पत्र, त्यांचं उत्तर, परत पत्र. दारू लिहिली की विषय संपतो." हे त्याने अगदी सरळ तोंडाने सांगितलं. मीच त्याला शिकवलेलं काम होतं ते.

फाइलच्या तळाशी प्रयोगशाळेचा लखोटा होता. सीलबंद, कोणी फोडलाच नव्हता. मी फोडला. रक्तात मद्याचा अंश नाही. बाई खरं बोलत होती.

आता नीट ऐका, कारण पाप इथून पुढे आहे. माणूस मेल्याच्या दुसऱ्याच दिवशी पालिकेने तिथे नवं झाकण बसवलं होतं. जुनं झाकण भंगारात गेलं. फोटो कोणी काढला नव्हता. तिथे जुनं, गंजलेलं झाकण होतं याचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे आमचा पंचनामा. अहवाल कोर्टात लावला की पंचनाम्यातली दारू खोटी ठरणार. दारू खोटी ठरली की पंचनामा खोटा, झाकणाचं वर्णनही खोटं, आणि ठेकेदार हसत घरी. शिवाय उपनिरीक्षक जाणार, आणि खाली सही माझी. मी स्वतःला समजावलं, आधी ठेकेदाराला शिक्षा होऊ दे, मृताच्या नावाचं नंतर बघू. त्यातलं किती केससाठी होतं आणि किती माझ्या खुर्चीसाठी, हे मला तेव्हाही कळत होतं. लखोटा मी दोषारोपपत्राला जोडला नाही.

ठेकेदार आणि अभियंता, दोघांवर खटला उभा राहिला. बाई प्रत्येक तारखेला कोर्टात यायची, मागच्या बाकावर बसायची. ठेकेदाराचा वकील कसलेला होता. म्हणाला, मापपुस्तकात तारखा चुकल्या असतील, कामं नंतर झाली. झाकण मोडकं होतं असं पोलीस म्हणतात, पण त्याच कागदात मयत दारू प्यालेला होता असंही पोलीसच म्हणतात. भर दुपारी दारू पिऊन पडणाऱ्याला झाकण काय करणार? मोठ्याने, दोनदा वाचून दाखवलं त्याने ते. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "रासायनिक अहवाल?"

"प्राप्त झालेला नाही," मी म्हणालो. शपथेवर.

ठेकेदार निर्दोष सुटला. संशयाचा फायदा. पुढच्या वर्षी भावाच्या नावाने काढलेल्या फर्मवर त्याला त्याच विभागात काम मिळालं, दर अर्थातच सर्वात कमी. कोर्टातून अभियंताही सुटला, पण पालिकेला कोणीतरी दोषी दाखवायचा होता. खातेनिहाय चौकशी झाली आणि त्याला बडतर्फ केलं. ज्यांनी टेंडर मंजूर केलं, ज्यांनी बिल पास केलं, त्यांची नावं कुठल्याच कागदावर आली नाहीत.

निकालाच्या दिवशी बाई कोर्टाच्या पायऱ्यांवर माझी वाट बघत उभी होती. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. तिने हात जोडले.

"साहेबानू, तुमी लय केलात आमच्यासाठी. तुमच्या हातात असता तर तुमी काढला असतात ता. माका माहीत आसा."

मी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसलो. तिला काहीही सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही. कार्यक्रमांना बोलावतात तेव्हा लोक विचारतात, साहेब, नोकरीने काय शिकवलं? मी काहीतरी ठरलेलं बोलतो, टाळ्या पडतात. खरं उत्तर त्या केसमध्ये आहे. त्या पोराने न बघता सही केली, त्याची नोकरी गेली. मी लखोटा फोडून, वाचून, सगळं समजून खोटं बोललो. मला पूर्ण पेन्शन मिळते, आणि करी रोडच्या त्या चाळीत एक बाई आजही मला देवमाणूस म्हणते.