अठरा दिवसांची तांबडी भाजी

आनंदीकाकीचं नाव आधी लिहिते. मालवणजवळच्या या गावात आम्ही आलो तेव्हा घरात मीठसुद्धा नव्हतं — ते तिने दिलं. मी जालन्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवरा आंब्याच्या बागेत राखणीला लागलेला. इथलं बोलणं मला निम्मं कळायचं नाही, पण माझं वेडंवाकडं ऐकून काकी कधी हसली नाही. आपल्या परसातला एक वाफाही तिने मला दिला. आणि तिच्याच बाबतीत मी जे केलं — ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

तुम्ही म्हणाल, भाजीपाल्यात असं लपवण्यासारखं काय असतं? मीही स्वतःला तेच सांगत आले.

भात कापून झालं की इथे परसात तांबडी भाजी पेरतात — आमच्याकडचा लाल माठ. पहिलं बी कुणाच्या हातून पडतं, याला मान असतो. काकीचा हात चांगला, म्हणून वाडीतल्या बायका तिलाच बोलवायच्या. काका गेलेले, मूलबाळ नाही. वर्षातले तेवढे आठ-दहा दिवस तिला दारोदार खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, थोरपण मिळायचं. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत होतं — म्हणून तर लिहिताना अडखळते आहे.

त्या वर्षी आम्ही दोघींनी एकाच दिवशी पेरलं. तिचंच बी, एकाच विहिरीचं पाणी. अठराव्या दिवशी माझी भाजी काढायला आली. तिची अजून चार बोटं उंचही नव्हती.

बायका बघायला जमल्या. शेजारची सुरेखा सगळ्यांदेखत म्हणाली, "काकी, तुझो हात आता थकलो गो. हिच्या हाताक गुण आसा."

सगळ्या हसल्या. काकीही हसली, आणि मग आपला तळवा उलटासुलटा करून बघत राहिली.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. बागेच्या शेडमधल्या पोत्यातला युरिया मी ओंजळीने आणत होते. काकी देवळात गेली की कळशीत विरघळवून माझ्या वाफ्याला घालत होते. ती बिचारी शेण आणि राख यापलीकडे काही घालायची नाही. मी बोलले का? मी पदर सारखा केला, मान खाली घातली — लाजल्यासारखी. या गावात माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदाच बरं बोललं होतं. ते मला सोडवेना.

पुढच्या वर्षी बोलावणी मला आली. काकीला एकही नाही. आणि मी गेले — तिच्याच दारावरून. त्या घरांत माझ्या हातची भाजी साधीच आली, सावकाश आली. बायका म्हणाल्या, यंदा मातीच बरी नाही. काकीची सावकाश आली होती, तेव्हा मातीला कुणी बोल लावला होता? मी हेही ऐकून घेतलं.

मग एका सकाळी काकीने मला तिच्याच परसात हाक मारली. बियाण्याचा डबा पुढे धरला.

"तूच टाक गो. माझ्या हातात आता काय रवूक नाय."

ती रुसून बोलत नव्हती. हातातला गुण गेला, असं तिला खरंच वाटत होतं. आणि मी काय केलं? डबा घेतला. तिच्या वाफ्यात, तिच्यासमोर, मी बी टाकलं.

याला तीन वर्षं झाली. काकीने त्यानंतर एकदाही स्वतः पेरलेलं नाही. अजूनही घावणे केले की वाटीने झाकून माझ्याकडे पाठवते.

तिचं जे मी नेलं, ते मी परत करणार आहे. सुरेखाच्या अंगणात, सगळ्या बायका असताना, युरियाचं नाव घेऊन, काकीकडे तोंड करून सांगेन. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, ते तिचं.

अजून सांगितलेलं नाही.