निरोगी जोडीदाराची डायरी

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुकानात चहा पिता पिता वाचतो आणि मनातल्या मनात लिहिणाऱ्याची फिरकी घेतो. करणी, बाधा, उतारा... आमच्या धसईत कोणी यातलं काही काढलं की मी आधी विचारतो, "ब्लडप्रेशर तपासलं का?" बायको म्हणते, घाबरायलाही थोडी अक्कल लागते, तुमच्याकडे तीही नाही. असेल. पण आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय, तेव्हा हसायचं तर हसा.

सुरेखा माझी धाकटी बहीण, शेणव्याला दिलेली. चार वर्षांपूर्वी चालताना अडखळायला लागली. मग हात थरथरायचा, एकाचे दोन दिसायचे. मल्टिपल स्क्लेरोसिस. नाव कळायलाच दोन वर्षं गेली. तोवर तिचा नवरा भास्कर गावभर सांगत होता, "काय झालेलं नाय तिला, नाटकं हायत." नाव कळल्यावरही त्याचं म्हणणं तेच. शेवटी एका सकाळी तिला पिशवीसकट जीपमध्ये बसवून माझ्याकडे पाठवून दिली.

मुंबईतल्या एका हॉस्पिटलात या आजारावर संशोधन चालू होतं. एक जुना विषाणू आणि हा आजार यांचा संबंध काय, असं काहीतरी. सुरेखाला त्यात घेतलं. अट एकच – तिच्याबरोबर एका घरात राहिलेला निरोगी माणूस जोडीला हवा, तुलनेसाठी. भास्कर चक्क आला. "डाक्टरसमोरच पकडतो तिला," म्हणाला. पकडायला आला आणि सही करून, रक्त देऊन बसला.

डॉक्टर मॅडमनी समजावलं, "हा विषाणू जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो. लहानपणी शिरतो आणि गप्प पडून राहतो. थोड्यांच्याच बाबतीत पुढे शरीर स्वतःच्या नसांवर उठतं. का, तेच शोधतोय."

सुरेखानं विचारलं, "म्हणजे यांच्या अंगात पण हाय?"

"बहुतेक असेल."

सुरेखानं वळून भास्करकडे बघितलं.

दोन डायऱ्या मिळाल्या. नावं नाहीत, फक्त नंबर – १७-अ पेशंटची, १७-ब जोडीदाराची. सहा आठवडे रोज काय त्रास झाला ते लिहायचं. सुरेखाचा हात थरथरतो म्हणून ती सांगणार, मी लिहिणार. भास्कर म्हणाला, "माझी पण तुमीच लिवा दादा. काय नाय म्हणून लिवायचं, त्यात काय." माझं झेरॉक्सचं दुकान आहे, अर्ध्या बाजाराचे अर्ज मीच भरतो. रिकामा रकाना दिसला की हात आपोआप 'निरंक' लिहितो. वर शहाणपणा असा, की दोन्ही डायऱ्यांना खाकी कव्हर घातलं. नंबर गेले कव्हराखाली.

तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी सुरेखानं सांगितलं – डावा पाय गुडघ्याखाली बधीर, दोनदा तोल गेला. मी लिहिलं. मंगळवारी सकाळी बघतो तर ही अंगणातून भरलेला हंडा आणतेय. गुरुवारी भास्करचा फोन. "दादा, मंगळवारपास्नं डावा पाय झोपलाय. गाडीचा गिअर पडत नाय."

मी कव्हरं काढून बघितली. सोमवारची ओळ १७-ब मध्ये, म्हणजे भास्करच्या डायरीत होती.

ही गंमत म्हणून मी सुरेखाला सांगितली. ती हसली नाही.

"खोडू नको," म्हणाली. "आज उजवा डोळा लिही. एकाचे दोन दिसतात."

"तुला दिसतायत?"

"तवा दिसायचे. तवा तो काय बोल्ला म्हाईत हाय? भांडी घासताना दोन दिसतात, मग सिरियल बघताना एकच कसं दिसतं गो?"

मी लिहिलं. पहिली ओळ चूक होती, पुढच्या नव्हत्या. रोज संध्याकाळी ती एक जुना त्रास काढायची, त्याबरोबर त्याचा तेव्हाचा टोमणा सांगायची. टोमण्याला रकाना नव्हता. त्रास मी चांगल्या अक्षरात उतरवायचो. तिच्या डायरीत निरंक, निरंक, निरंक – आणि ते खरंही होतं.

पाचव्या आठवड्यात भास्कर बाजाराच्या दिवशी धसईला आला. जीपमधून उतरला तो भाजीवाल्यांच्या टोपल्यांना धरत धरत. बाया म्हणाल्या, सकाळीच घेतलीय. दुकानात येऊन काउंटरला लटकला.

"नाय घेतलेली दादा, शपथ. मुरबाडला दाखवलं, कल्याणला फोटो काढला डोक्याचा. फोटोत काय नाय येत."

सुरेखा आत स्टुलावर बसली होती. "मग नाटक असंल," म्हणाली. "नीट उभा ऱ्हा. लोकं बघतात."

हे त्याचंच वाक्य, शेणव्याच्या स्टँडवर ती अडखळली तेव्हाचं. त्यालाही ते आठवलं असावं, कारण तो काउंटर सोडून सरळ उभं राहायला गेला आणि परत लटकला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या संध्याकाळी सुरेखाचं सगळं लिहून झाल्यावर मी माझ्या मनानं आणखी एक ओळ घातली – दोन्ही हात बधीर. ती तिनं सांगितलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी कळलं, त्याला भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता.

सहा आठवडे संपले, डायऱ्या जमा केल्या. मॅडम दोन्ही चाळून म्हणाल्या, भास्करनं बायकोचं बघून मनानं घेतलं असेल, होतं असं. ठीक आहे. पण मन शेणव्याला, डायरी धसईला, आणि मी काय लिहिलं ते त्याला कोणी सांगितलं होतं?

तिसऱ्या दिवशी सुरेखा उंबऱ्यातच खाली बसली. पाय गेला होता. भास्कर त्याच आठवड्यात गाडी घेऊन फिरायला लागला. लोकांना सांगतो म्हणे, माझं उतरलं, ती अजून ढोंग करते.

परवा मॅडमचा फोन आला. पुढचा टप्पा सुरू होतोय, परत डायऱ्या लिहायच्या, पण भास्कर नाही म्हणतोय. "सुरेखाताई आता तुमच्या घरात राहतात ना? मग जोडीदार म्हणून तुम्हीच या." मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर आधी दोन्ही पाय हलवून बघितले.

सुरेखा भिंतीला धरून उभी होती. "तू नको दादा. तुझ्या पायांवर माझा राग नाय."

"मग?"

"त्यालाच फोन लाव."

"तो नाही म्हणतोय गो."

"लाव."

हे सगळं काय होतं, मला आजही सांगता येत नाही. कोणाला कळलं तर लिहा, ब्लडप्रेशर नॉर्मल आहे. रोज दुकान उघडलं की मी शेणव्याला फोन लावतो. रिंग जाते, तो उचलत नाही. सुरेखा आतल्या स्टुलावरून माझ्याकडे बघते. मी परत लावतो.