वल्ह्याला लावलेला कान

त्याचं खरं नाव मतदार यादीत काय ते उरलं होतं. धक्क्यावर सगळे त्याला कानदादा म्हणत. पाऊस ओसरून पाणी निवळलं की थंडी पडेपर्यंतचे पाच-सहा आठवडे घोळ मासळी किनाऱ्याजवळ येते आणि ऊन कलताना पोटातून ढबढब वाजते. वरून ती सहसा ऐकू येत नाही. इंजिन बंद करायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि दांड्याला कान लावायचा. मग थवा केवढा, कुठल्या अंगाला, जाळं आत्ता टाकायचं की दमानं, हे कानदादा जागच्या जागी सांगे. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं. बाकी कामात गडी यथातथाच. जाळ्याची गाठसुद्धा बायको त्याच्यापेक्षा बरी मारायची. पण ती चाळीस वर्षं तो धडधडत्या इंजिनाला खेटून बसत आला होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गेल्या मोसमात दोनदा जाळं रिकामं आलं. "घोळ ऐकायला गेला नि घोळ करून आला," बर्फाच्या कारखान्यापाशी कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, तोही हसला. यंदा मात्र तीन आठवडे झाले तरी वल्ह्यातून काही म्हणता काही येईना. घरी बायको दोनदा हाक मारी आणि तिसऱ्यांदा सरळ खांदा हलवी.

"लक्ष कुठे असतं हो तुमचं?" ती विचारी आणि उत्तर यायच्या आत वळून निघून जाई. तिलाही ते उत्तर नकोच होतं.

दिलासा एवढाच, की इतरांच्या होड्याही रिकाम्या येत होत्या. म्हणजे मासा गेला होता की कान? आणि कानदादा मनातल्या मनात चक्क विनवण्या करी, की मासाच गेला असू दे. सगळ्या धक्क्याच्या चुली विझल्या तरी चालतील, पण माझा कान राहू दे. मग त्याची त्यालाच शरम वाटे. धाकट्या भावाचं घर याच होडीवर चालत होतं आणि त्याची थोरली लग्नाला आली होती.

धाकटा पन्नाशीचा. इंजिन त्याच्याकडे, जाळं त्याच्याकडे. पण दादाच्या वल्ह्याला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी ऊन कलताना खडकाच्या आतल्या बाजूला त्यानं इंजिन बंद केलं. कानदादानं आधी उजवा कान लावला, मग डावा, मग पुन्हा उजवा. मग वल्हं धाकट्याकडे सरकवलं.

"तू ऐक."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"ऐक म्हणतो ना!"

धाकट्यानं कान लावला. बराच वेळ तो पाण्याकडेच बघत राहिला.

"काही नाही, दादा. मासाच नाही."

"नक्की?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

कानदादाला हसू फुटलं. दोन घरं उपाशी राहायची वेळ आली होती आणि हा माणूस खूश होता. परतताना तो चक्क गुणगुणत होता, आणि घरी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

सकाळी शेजारच्या होडीचा मालक धक्क्याला लागला, तो काठोकाठ भरूनच. त्याला ओरडून बोलायची सवय, त्यामुळे शब्दन् शब्द कानदादापर्यंत पोचला.

"तुम्ही खडकापासून हललात आणि आम्ही तिथेच जाळं सोडलं! अहो, काय वाजत होती! वल्हं कशाला, उभ्या उभ्या ऐकू येत होती!"

कानदादानं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा मान खाली घालून, आधीच बांधलेली गाठ पुन्हा बांधत होता. यानं एवढा मासा पाण्यात सोडला, पण आपल्याला खरं सांगितलं नाही. कानदादाला रागही धड येईना. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. ही माया सोसवत नव्हती.

दुपार उतरल्यावर दोघं निघाले. कालचं कुणीच काढलं नाही. खडकाच्या पुढे इंजिन थांबलं आणि कानदादानं दांड्याला कान लावला. नुसतं लाकूड. 'संपलं माझं,' एवढंच म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर आलंही होतं. तेवढ्यात त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, की धाकट्यानं जाळ्याचं टोक हळूच हातात घेतलंय.

"टाक," कानदादा म्हणाला.

जाळं इतकं जड आलं की होडीची कड पाण्याला टेकली. धक्क्यावर माणसं गोळा झाली.

"कान शाबूत आहे हो दादाचा!" कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून ओरडलं.

"मग! दादाच तो," धाकटा म्हणाला.

"आहे तर," कानदादा म्हणाला. त्याला तोंड लपवायला जागा हवी होती. यापुढे रोज वल्ह्याला कान लावायचा आणि डोळा धाकट्याच्या हातावर ठेवायचा, एवढंच काम आता त्याला उरलं होतं.