दुधी, पंक आणि ताईचा साखरपुडा

माझ्या सख्ख्या बहिणीचं जमलेलं लग्न मी भर साखरपुड्यात जवळजवळ मोडलं होतं, आणि तेसुद्धा बेताल.

त्याचं असं झालं. आमचा एक पंक बँड होता. भिवंडीत! (हसू नका. आम्हीही हसत नव्हतो. पंकवाल्यांनी हसायचं नसतं, असं आम्ही मोबाइलवर पाहिलं होतं.) गिटारवर शेजारचा इम्रान, ड्रमवर माझा चुलतभाऊ कुणाल आणि गायला मी. मीच का? तर माझ्याकडे वाजवायला काही नव्हतं. बँडचं नाव 'बंद शटर'.

पंक म्हणजे तीन सूर, भन्नाट वेग आणि जगावर राग. सूर इम्रानला दोन येत होते, वेग भरपूर होता, पण रागाची फार पंचाईत! आमच्याशी कोणी वाईट वागायलाच तयार नाही. तालमीला निघालो की आई डब्यात थालीपीठं देई, इम्रानची अम्मी सरबत पाठवी. अशाने बंड कसं व्हायचं? बराच शोध घेतल्यावर लक्षात आलं, की मला एकाच गोष्टीचा मनापासून राग येतो : दुधीची भाजी. मग त्यावर गाणं लिहिलं. कडवी इतकी वेगात, की ती मलाही कळत नसत. धृपद मात्र खणखणीत, आईच्या गावच्या बोलीत : "न्हाय! न्हाय! आपल्याला न्हाय पसंत!"

तालीम भिवंडीतच टेमघरला, इम्रानच्या अब्बांच्या कापड विणायच्या कारखान्यात. चोवीस लूम खडखडतायत आणि कोपऱ्यात आम्ही. शेजाऱ्यांची तक्रार नाही, काही नाही. लूमवरचे एक चाचा तर आमच्याकडे बघून मान डोलवायचे! एकदा मी विचारलं, "चाचा, गाना कैसा लगा?"

चाचा कानाला हात लावून ओरडले, "क्या? धागा टूटा?"

तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. चार महिने आम्ही तालीम केली आणि चार महिन्यांत एकमेकांना एकदाही ऐकलं नव्हतं.

मानसीताईचा साखरपुडा पडघ्याला ठरला, सकाळी अकराला. नवरामुलगा नीलेश लाजाळू, त्याचे वडील तात्या म्हणजे भारदस्त मिशा आणि त्याहून भारदस्त शांतता. दोन्हीकडची मंडळी हॉलमध्ये समोरासमोर बसली. आणि डीजेवाल्याचा फोन आला, "टेम्पो कशेळीच्या पुलावर अडकलाय. पुढे कंटेनर, मागे कंटेनर."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. बाबा घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "ते तुमचं काय ते वाजवणं... सामान आणलंय का रे?"

"आहे बाबा! कुणालच्या गाडीत!" (सामान योगायोगाने आलेलं नव्हतं. आम्ही दोन दिवसांपासून डीजेचं काहीतरी व्हावं म्हणून देवाला साकडं घालत होतो.)

"मग वाजवा. पण प्रसंगाला शोभेल असं."

आमच्याकडे गाणं एकच होतं. मी माइक धरला, "वन टू थ्री फोर!" ओरडलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला आमचा बँड ऐकू आला. इम्रान वेगळंच गाणं वाजवत होता! चार महिने तो तेच वाजवत होता म्हणे. कुणाल लूमच्या खडखडाटावर ताल धरायचा. इथे लूम नव्हते, त्यामुळे तालही नव्हता. या गदारोळात कडवी वाहून गेली. हॉलभर स्वच्छ पोहोचलं ते फक्त मुलीच्या भावाचं धृपद :

"न्हाय! न्हाय! आपल्याला न्हाय पसंत!"

पहिल्या रांगेतली नीलेशची आत्या हातातला पेढा तसाच धरून थांबली. तात्यांच्या मिशा हलल्या. बाबा लांबून दोन्ही हात हलवू लागले. मला वाटलं, म्हणतायत, आणखी जोरात! मी आणखी जोरात ओरडलो. इतकंच नाही, तर जोशात बोट पुढे केलं. ते नेमकं नीलेशकडे गेलं.

तात्या उठले. "चला रे. गाड्या काढा. पोरीकडच्यांना पसंत न्हाय."

"अहो तात्या, तसं नाही!" बाबांनी त्यांचा हातच धरला. मी माइकवरूनच खुलासा केला, "तात्या, गैरसमज होतोय! गाणं नीलेशवर नाही, दुधीवर आहे!"

"कशावर?"

"दुधीवर! मला दुधी अजिबात आवडत नाही!"

पुन्हा पंख्याचा आवाज. तात्या सावकाश म्हणाले, "आमचा दुधीचा मळा हाय."

आत्याने भर घातली, "आन् जेवणात हलवा हाय. आमच्याच दुधीचा!"

बाबांनी डोळे मिटले. एवढ्यात शालूचा पदर कमरेला खोचत ताई उठली. मला वाटलं, आता मार. तिने माइक हिसकावला, थेट तात्यांकडे बघितलं आणि टिपेला सूर लावला, "हाय! हाय! मला पसंत हाय!"

मग तो लाजाळू नीलेश टोपी सावरत उठला. "आन् मला बी हाय!"

कुणालच्या हातून चुकून बरोबर ठोका पडला. इम्राननेही तो पकडला. ताई थांबेचना! "नवरा?" तिने विचारलं.

"हाय!" हॉल गरजला.

"सासरा?"

"हाय!" या वेळी आत्या सगळ्यांत मोठ्याने. तात्यांच्या मिशांखाली काहीतरी हललं, बहुतेक हसू असावं.

"दुधी?"

मी इकडेतिकडे पाहिलं आणि सर्वांत आधी ओरडलो, "हाय!"

अंगठ्या त्याच दणक्यात घातल्या गेल्या. जेवताना तात्या स्वतः माझ्या पानासमोर उभे राहिले आणि मी हलव्याच्या तीन वाट्या संपवेपर्यंत हलले नाहीत. (तिसरी चांगली लागली. पण हे छापू नका.)

आठवड्याने तात्यांचा बाबांना फोन आला. त्यांच्या पुतण्याच्या साखरपुड्याला आमचा बँड हवा होता! बाबांनी फोन स्पीकरवर टाकला. माझी छाती फुगली. तात्या म्हणाले, "सूनबाईला गायला सांगा, गिटारवाला, ढोलवाला, समदे या. फक्त तो बोंबलणारा आणू नका."

मी तरीही गेलो. सामान उचलायला कोणीतरी लागतंच. ते उचललं, पण माइकला हात लावला नाही. आणि कार्यक्रमानंतर आत्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "या वक्ताला किती छान वाजवलंस रे!"