आधी गाडी, मग सही

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वसईकरांइतका क्रमाचा कट्टर माणूस अख्ख्या आखातात दुसरा झाला नसेल. अल् घुब्राच्या त्या इमारतीत ते आधी जेवण संपवत आणि मगच पाणी पीत, मध्ये ठसका लागून डोळे पांढरे झाले तरी. आम्ही दोघे मस्कतच्या एकाच बँकेत. दोन हजार सालानंतरची ती वर्षे. बिनव्याजी इस्लामी बँकिंगला ओमानमध्ये तेव्हा परवानगी नव्हती. पण आज ना उद्या मिळेल म्हणून साहेबांनी बहरीनहून आंतरराष्ट्रीय नियमांचे जाडजूड बाड मागवले आणि ते इथल्या कायद्यात बसवायचे काम या रोमन कॅथलिक गृहस्थाच्या गळ्यात मारले. माणूस हरखला! शुक्रवारी चर्चमधून आले की बायबल ठेवायचे आणि बाड उघडायचे. त्यातला एक नियम त्यांच्या जिवाला भिडला होता. गिऱ्हाइकाला गाडी हवी असेल तर बँकेने ती आधी स्वतः विकत घ्यायची, ताब्यात घ्यायची, आणि मगच नफा ठेवून त्याला विकायची. जे आपले नाही ते विकायचे नाही.

हा नियम त्यांनी इतका ऐकवला होता की माझी बायको तो झोपेतही म्हणाली असती. एकदा अल मवालेहच्या बाजारात ट्रकमधून कलिंगडे उतरत होती. वसईकरांनी विक्रेत्याला गाठले, "भाई, ये माल तुम्हारा हुआ क्या अभी?" तो म्हणाला, "लेना है तो लो, नहीं तो यल्ला!" शेवटचे कलिंगड उतरेपर्यंत वसईकर उन्हात उभे राहिले. मीही राहिलो, कारण परतीची गाडी त्यांची होती.

मग तालमीचा दिवस आला. बाहेरून इस्लामी कायद्याचे जाणकार एक शेखसाहेब येणार, त्यांच्यासमोर एका मोटारीचा व्यवहार या नियमांनी करून दाखवायचा. गिऱ्हाईक म्हणून आमचाच एक ओमानी सहकारी. त्याच आठवड्यात वसईकरांचे नोकरीचे कंत्राट वाढवण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता आणि त्यांची थोरली इंडियन स्कूलमध्ये दहावीला. सही झाली नाही तर व्हिसा खलास आणि पोरीचे वर्षही खलास. सकाळी जिन्यात वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, आज ह्यांना जरा गप्प बसवा हां."

खजूर आले, कहवा आला. साहेबांना घाई होती. जुन्या कर्जाच्या सवयीने त्यांनी सगळे कागद एकदम गिऱ्हाइकापुढे सरकवले. शोरूमचे ताबापत्र अजून आलेच नव्हते. मला ते दिसले. मी खजुरांकडे बघत बसलो. पेन कागदाला टेकणार इतक्यात वसईकर उभे राहिले.

"सर, गाडी अजून आपली नाही."

"बसा. ते नंतर बघू."

"नंतर नाही सर. आधी."

मी टेबलाखालून त्यांची पँट ओढली. त्यांनी पाय बाजूला घेतला. साहेबांचे कान लाल झाले. शेखसाहेबांनी हातातला पेला खाली ठेवला आणि मान डोलावली, तसे सहकाऱ्यानेही पेन ठेवले. ताबापत्र येईपर्यंत तासभर आम्ही एकमेकांकडे न बघता बसून होतो. शेवटी तालीम पार पडली आणि शेखसाहेब खूश होऊन गेले. कंत्राटावर मात्र सही झाली नाही.

पोरीचे वर्ष अर्ध्यावर टाकून ते वसईला परतले. जाताना त्यांचा फ्रिज मी घेतला. "आधी घरात लावा, थंड होतोय का बघा, मग व्यवहाराचं बोलू," म्हणाले. विमानतळावर वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत.

काही वर्षांनी इस्लामी बँकिंगला परवानगी मिळाली. आमच्याच बँकेच्या नव्या विभागात मी गाडीसाठी गेलो आणि सवयीने पेन काढले. तिथला तरुण ओमानी अधिकारी हसून म्हणाला, "सबर, सर. पहले गाडी बँक का, फिर आपका साइन." मी पेन परत खिशात ठेवले.

घरी येऊन मी वसईला फोन लावला. थोरली नोकरीला लागली होती, वहिनी बऱ्या होत्या. इतकी वर्षे मनात ठेवलेले एकदाचे बोललो, "त्या दिवशी मलाही दिसलं होतं हो."

"ठाऊक आहे," वसईकर म्हणाले. मग विचारले, "फ्रिज अजून थंड होतोय ना?"