पुंडलिकरावांचा डोळा

अल्लीपूरच्या बाजार ओळीत पुंडलिकरावांचं कापडाचं दुकान आहे. ज्योत्स्ना ही त्यांची थोरली मुलगी, धीरज धाकटा. ज्योत्स्ना त्या दुकानातच वाढली. वर्ध्याला शिवणकाम शिकताना तिची एका मैत्रिणीशी गट्टी जमली. ती मैत्रीण पुढे मुंबईला गेली आणि एका पौराणिक मालिकेच्या कपडेपटात लागली. तिनं बोलावलं तेव्हा ज्योत्स्नानं घरात विषय काढला. पुंडलिकराव कापडाची घडी घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आपण कापड इकतो. नाचनाऱ्याईच्या अंगात घालून देत नाई. जायचं असन तं जाय, पन मंग हे घर इसरून जाजो."

ती गेली. आई, सुलोचनाबाई, बसपर्यंत पोचवायला आली होती. तिनं नुसता डबा हातात दिला.

सुरुवातीला ज्योत्स्नाच्या वाट्याला सैनिकांची धोतरं आली. सकाळी इस्त्री करायची, लढाईचं चित्रण झालं की मातीनं भरलेली धुवायची, दुसऱ्या दिवशी तेच डाग पुन्हा पाडून नेसवायची. पुढे एका नटीच्या केसांचं काम करणारी बाई आजारी पडली आणि ज्योत्स्नाच्या हातात कंगवा आला. तो बरीच वर्षं राहिला. खरं तर तिला चेहऱ्यांचं काम हवं होतं. पण त्या काळी रंगभूषाकारांच्या संघटनेचा नियम होता: बाईनं केस करावेत, रंगभूषा पुरुषांनीच करावी. बाईला रंगभूषेचं कार्डच मिळत नसे.

अण्णाजी नावाचे एक वयस्कर रंगभूषाकार होते. त्यांनी तिचा हात ओळखला. मेकअपच्या गाडीच्या मागच्या भागात पडदा ओढून ते तिच्याकडून जखमा करून घेत. मेणानं कातडी कशी उचलायची, भाजल्याचे फोड कसे आणायचे, दोन दिवसांच्या मारावर हिरवट छटा कुठे द्यायची, हे सगळं तिनं त्या पडद्यामागे शिकून घेतलं. संघटनेची माणसं तपासायला आली की अण्णाजी पुटपुटत, "कंगवा घे." ज्योत्स्ना कंगवा घेऊन कुणाच्या तरी केसांशी उभी राही. एकदा मात्र तिच्या बोटांवर लाल रंग राहिला. संघटनेच्या माणसांनी तिला सगळ्यांसमोर सेटवरून बाहेर काढलं. ती रस्त्यावर उभी राहून रडली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मालिकेत कामाला लागली.

पुढे कोर्टाचा निकाल लागला, बायकांना कार्ड मिळू लागलं. तोवर अण्णाजी गेले होते. ज्योत्स्नानं सिलिकॉनची नकली कातडी आणि अवयव बनवायचं काम शिकून घेतलं. गुन्ह्यांच्या मालिकांमध्ये प्रेतं, अपघात, जळालेले हात तिच्याकडेच येऊ लागले. शेवटच्या नावांच्या यादीत तिचं नाव झरझर वर सरकून जाई. अल्लीपुरात धीरज ते आईला दाखवायचा. पुंडलिकराव त्या वेळी उठून अंगणात जात. मधल्या काळात ती दिवाळीला म्हणून दोनदा येऊन गेली होती. बाप तिच्याशी बोलला नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चित्रणं बंद पडली. त्याच सुमाराला धीरजचा फोन आला.

"ताई, बाबा कोरोनातून उठले, पन आता काळी बुरशी झाली म्हनतात. डोळा काढा लागते. तू ये."

ती पोचेपर्यंत नागपूरला शस्त्रक्रिया झालेली होती. डावा डोळा पापण्यांसकट गेला होता, खालचं थोडं हाडही गेलं होतं. घरी आणल्यावर पुंडलिकराव भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ज्योत्स्ना खोलीत आली तेव्हा त्यांनी पावलांवरून ओळखलं.

"आली?" एवढंच म्हणाले.

जखम रोज सुलोचनाबाई धुवायच्या. लेकीला त्या जवळ येऊ देत नसत, कारण पुंडलिकरावांना ते नको होतं. बरं वाटल्यावर ते एकदा दुकानात जाऊन बसले. कुणाचं तरी लहान लेकरू त्यांच्याकडे बघून किंचाळलं, आईच्या पदरात शिरलं. ते उठून घरी आले आणि त्यानंतर दुकानाची पायरी चढले नाहीत. डोक्याचा दुपट्टा अर्ध्या तोंडावर ओढून घेत. जेवणही एकट्यानं.

सावंगीच्या दवाखान्यात असे चेहऱ्याचे गेलेले भाग बनवून देतात, हे धीरजला कळलं. ज्योत्स्ना वडिलांना घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर वेदश्री वयानं तिच्यापेक्षा लहान होत्या. त्या लाटेनंतर त्यांच्या दारात डोळे किंवा तोंडातली टाळू गेलेल्या माणसांची रांग लागलेली होती. ज्योत्स्नानं आपलं काम सांगितलं आणि विचारलं, "मी बाजूला बसले तर चालेल का?"

"बसा," वेदश्री म्हणाल्या. "पण इथं घाई चालत नाही."

चेहऱ्याचा साचा घेताना पुंडलिकरावांच्या तोंडावर ओलं प्लास्टर पसरलं. नाकात श्वासासाठी नळ्या होत्या, तरी ते घाबरले. त्यांनी हात पुढे केला, तो ज्योत्स्नाच्या मनगटावर पडला. प्लास्टर वाळेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. ती घर सोडून गेल्यापासून बापानं तिला हात लावला तो पहिल्यांदाच.

पापण्या आणि भोवतालच्या कातडीसकट सिलिकॉनचा पहिला डोळा ज्योत्स्नानं रंगवला आणि तो बिघडला. दवाखान्यातल्या दिव्याखाली तो कातडीत मिसळून गेला होता. बाहेर उन्हात आल्यावर पिकल्या पपईचा तुकडा चिकटवल्यासारखा दिसू लागला. तिला भयंकर शरम वाटली.

"ताई, तुमचा हात चांगला आहे," वेदश्री म्हणाल्या, "पण तुम्ही कॅमेऱ्यासाठी रंगवलंत. हे वर्ध्याच्या उन्हात जाणार, घामात राहणार, रोज धुतलं जाणार. परत करू."

दोघींनी परत केलं. या वेळी ज्योत्स्नानं रंग खिडकीशी बसून मिसळले, पुंडलिकरावांना उन्हात बसवून. पापणीचे केस एकेक करून रोवले. डोळा चष्म्याला जोडून बसवला, म्हणजे कडा दिसू नयेत. पुंडलिकरावांनी आरशात बराच वेळ पाहिलं.

"हा कोनाकडं पाहून राह्यला? मी तं समोर पाहतो."

खरंच बुबुळ किंचित वर होतं. वेदश्रींनी ते काढून पुन्हा बसवलं. मग पुंडलिकराव म्हणाले, "हं. जमलं."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. चंद्रभान नावाचं जुनं गिऱ्हाईक आलं, मुलीच्या लग्नाच्या साड्यांवरून तासभर घासाघीस केली आणि निघताना म्हणालं, "चष्मा बदलला वाट्टे, भाऊ?"

त्या संध्याकाळी पुंडलिकरावांनी लेकीला जवळ बोलावलं. "तू तिथं हेच करत होती?"

"हेच नाही बाबा. पण असंच काहीतरी."

"म्हंजे पाहनाऱ्याले समजलंच नाई पाह्यजे."

"हो."

ते मान हलवत राहिले. चुकलो असं ते म्हणाले नाहीत, तिनंही ती अपेक्षा धरली नाही. पण त्या दिवसापासून टीव्हीवर तिचं नाव आलं की ते खुर्चीतून हलत नसत.

ज्योत्स्ना मुंबईला जाऊन-येऊन राहू लागली. महिन्यातले काही दिवस ती सावंगीला वेदश्रींबरोबर काम करायची. दोन वर्षं अशी गेली. एका थंडीत ती घरी असताना पुंडलिकराव पहाटे उठले, चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले.

सकाळी अंगणात माणसं जमू लागली. अंघोळ घालून त्यांना ओट्यावर ठेवलं होतं. धीरज आतून चष्म्याची डबी घेऊन आला.

"ताई, हे लावून दे. लोकं येऊन राह्यले."

ज्योत्स्नानं डबी उघडली आणि तिचा हात थांबला. उजवा डोळा मिटलेला होता. डबीतला डोळा मिटणारा नव्हता. तो लावला असता तर मेलेला बाप एका डोळ्यानं टक्क बघत राहिला असता.

"राहू दे मंग," धीरज म्हणाला. "दुपट्ट्यानं झाकू."

सुलोचनाबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "झाकू नोको. मी ते रोज धुतलं, मले त्याचं काई नाई. पन ह्याईले लाज वाटे. ज्योती, तुले येते नं? कर."

नागपूरचे नातेवाईक दुपारपर्यंत पोचणार होते. ज्योत्स्नानं कामाची पेटी आणली, ओट्याला पडदा लावून घेतला आणि बापाच्या उशाशी बसली. मेण हाताच्या उबेवर मऊ करून तिनं ती पोकळी भरली. वर पातळ पापणी चढवली. उजवी पापणी बघत बघत तिच्यासारख्याच सुरकुत्या सुईनं ओढल्या. रंग मिसळताना सवयीनं तिनं जरा लाली घेतली. मग बापाच्या गालाकडे पाहिलं, ती पुसून टाकली आणि राखाडी घेतला. तो रंग लावताना मात्र तिला दिसेना. तिनं कोपरानं डोळे पुसले आणि काम पुरं केलं.

पडदा बाजूला झाला. शेजारचे तानबाजी वाकून बघत म्हणाले, "झोपल्यावानी दिसून राह्यले." सुलोचनाबाई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवरून हळूच हात फिरवला. मेणाच्या पापणीवर त्यांचं बोट क्षणभर थांबलं.

तेरवी झाली. मुंबईहून एका मोठ्या मालिकेचं बोलावणं आलं होतं. ज्योत्स्नानं महिनाभर थांबा असं कळवलं आणि सावंगीला गेली. आंजीहून एक बाई आली होती. आजारात तिचं नाक गेलं होतं. ती दाराकडे पाठ करून, पदर दातात धरून बसली होती. वेदश्री दुसऱ्या पेशंटजवळ होत्या.

ज्योत्स्नानं खुर्ची खिडकीशी ओढली. "इकडे उजेडात बसा, बाई."

बाई उठून आली, बसली. पदर मात्र सोडला नाही.

"पोरीचं लगन हाय," ती पदराआडून म्हणाली. "त्या नाकात नथ घालता येईन का?"

ज्योत्स्ना तिच्यासमोर बसली. "येईल. आधी बघू तरी द्या."

बाईनं थोडा वेळ घेतला. मग पदर खाली केला.